टोगोची बाजरी आणि नववीतली भोवळ
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं होतं, तू आयटीतली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल. त्यावर हल्ली रिक्षा स्टँडवरही चांगलं बोलतात. मी बाजरीवर बोलणार आहे. हसून घ्या आत्ताच.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, नववीत असताना पंधरा ऑगस्टच्या तालमीत मी मैदानावर कोसळले होते. पी.टी.चे सर ओरडले, "मुली सकाळी उपाशी येतात!" आणि बाईंनी मला ऑफिसात नेऊन ग्लुकोजचं पाणी दिलं. मी उपाशी नव्हते. चहा आणि दोन चपात्या खाऊन आले होते. त्या वर्षीच्या माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा आहे, "वर्गात लक्ष देत नाही. मन लावून अभ्यास केल्यास प्रगती होईल." ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. शेरा लिहिणाऱ्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुमची काही चूक नव्हती. मी खरंच लक्ष देत नव्हते. तिसऱ्या तासाला फळ्यावरची अक्षरं वाचायची आणि पुन्हा तीच वाचायची, एवढंच व्हायचं. मी मठ्ठ आहे अशी माझी स्वतःची खात्री पटली होती, आणि ती बरीच वर्षं टिकली. इंजिनिअरिंगची पदवी हातात आल्यावरही.

आता बाजरीकडे येते. माझे वडील पारनेर तालुक्यातून अंबरनाथला कारखान्यात नोकरीला आले. गावी काकांची कोरडवाहू शेती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो की नवी बाजरी आलेली असायची. चुलीवरची भाकरी, वर ठेचा, आणि चुलतभावंडं दोन-दोन खायची. मी मात्र "मला चपाती पाहिजे" म्हणून रडायचे. शहरातली ना मी! आईनेही अंबरनाथला बाजरी कधी फार आणली नाही. ती म्हणायची, भाकरी डब्यात दुपारपर्यंत कडक होते. ते खरंच आहे, पण खरं कारण मला माहीत होतं. काळी भाकरी डब्यात नेली तर मुली काय म्हणतील? आणि गंमत बघा, आमच्याच बाकावर बसणारी उल्हासनगर कॅम्पातली माझी सिंधी मैत्रीण थंडीत बाजरीचा डोडो घेऊन यायची आणि बिनधास्त खायची. तिच्या डब्यातला मला चालायचा, आमच्या घरातला नको.

पदवीनंतर मी सॉफ्टवेअरमध्ये गेले. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीकडे बियाण्यांच्या जुन्या नोंदी साफ करून नव्या प्रणालीत घालण्याचं काम आलं. बियाणे-बँकेत प्रत्येक नमुन्याचा एक 'पासपोर्ट' असतो. म्हणजे तो कुठून गोळा केला, कोणत्या देशाचा, कशापासून निवडला. एका बाजरीच्या वाणापुढे मूळ देशाच्या रकान्यात टी.जी.ओ. अशी तीन अक्षरं होती. मला वाटलं कुणीतरी चाचणीसाठी काहीतरी टाइप करून तसंच सोडलंय. आमच्या धंद्यात ते रोजचं आहे. मी ती ओळ चुकीची म्हणून बाजूला काढली. पलीकडच्या शास्त्रज्ञ बाईंचा लगेच फोन आला, "अहो, ती काढू नका. ते टोगो आहे."

टोगो हा पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश. एका बाजूला घाना, दुसऱ्या बाजूला बेनिन. त्याच्या उत्तर भागातले शेतकरी 'इनियादी' नावाची लवकर तयार होणारी, टपोऱ्या दाण्यांची बाजरी पिढ्यान्‌पिढ्या लावत आले. मुळात बाजरी आपली नाहीच, ती पश्चिम आफ्रिकेचीच. मालीमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. आपल्याकडे ती नंतर आली आणि इतकी मुरली की आपण तिला मराठमोळी म्हणतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथे टोगोच्या या बाजरीतून निवड करून १९८२ मध्ये एक वाण तयार झालं, आयसीटीपी ८२०३. ते १९८८ मध्ये महाराष्ट्रात लागवडीसाठी प्रसारित झालं.

मी रात्री काकांना फोन लावला. म्हटलं, काका, तुम्ही आयसीटीपी लावली होती का हो? ते म्हणाले, "मग! जाड दाण्याची. तुझ्या लहानपणी दुसरी कुठली होती?"

म्हणजे मी ज्या भाकरीला नाक मुरडत होते ती टोगोची होती.

काकांनी मग आणखी एक गोष्ट सांगितली, ती शेतकऱ्यांच्या घरातल्या मंडळींना कळेल. साठीच्या दशकात संकरित बाजरी आली, उत्पादन भसाभस वाढलं, आणि १९७१ च्या सुमाराला तिच्यावर 'गोसावी' पडला. या रोगात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, गोसाव्याच्या जटांसारखा. दाणा नाहीच. देशभर एकाच मादीवाणापासून केलेले संकर पेरलेले, त्यामुळे रोगाला रान मोकळं मिळालं. वर १९७२ चा दुष्काळ. त्यानंतर शेतकऱ्याचा विश्वास बसायला गोसाव्याला दाद न देणारं वाण हवं होतं. आयसीटीपी त्या रोगाला टिकली, लवकर आली, दाणा मोठा होता. शास्त्रज्ञांनी याच तीन गोष्टी पाहून तिला निवडलं.

लोह कुणीच पाहिलं नव्हतं. पुढे बाजरीच्या वेगवेगळ्या वाणांमधलं लोह मोजायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की टोगोकडून आलेल्या या बाजरीत ते मुळातच भरपूर आहे. मग आयसीटीपीमधूनच जास्त लोहाची झाडं निवडून 'धनशक्ती' हे वाण काढलं. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी ते २०१२ मध्ये महाराष्ट्रात आणलं, पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने बियाणं बाजारात नेलं. किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह. लोह वाढवून मुद्दाम प्रसारित केलेलं हे भारतातलं पहिलं बाजरीचं वाण. यात जनुकं बाहेरून आणून घातलेली नाहीत, जुन्या पद्धतीची निवडच आहे. २०१८ पासून तर नव्या बाजरीच्या वाणाला मान्यता हवी असेल तर किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह असलंच पाहिजे असा दंडक झाला.

आता मला ज्यासाठी आज उभं राहायचं होतं, ती गोष्ट. याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, वसतिगृहात राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी, निम्म्यांना साध्या बाजरीची, दोन्ही जेवणांत. कुणाला कुठली मिळते हे मुलांना माहीत नव्हतं. सुरुवातीला रक्त तपासलं तर साधारण चाळीस टक्के मुलांच्या शरीरात लोहाचा साठा संपत आलेला! सहा महिन्यांनी, ज्यांच्यात कमतरता होती त्यांच्यापैकी त्यातून बाहेर पडण्याचं प्रमाण जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्यांत १.६४ पट निघालं. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये दुसरा निबंध आला. याच मुलांपैकी काहींना संगणकावर लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या होत्या, उत्तराला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजला होता. लोह वाढवलेली भाकरी खाणाऱ्यांची लक्ष देण्याची आणि आठवण्याची गती जास्त सुधारली होती.

तो निबंध मी लोकलमध्ये वाचला. ठाण्याला उतरायचं होतं, ते राहून गेलं. पुढच्या स्टेशनवर गर्दीत उभी राहून मी रडत होते, आणि लोकांना वाटलं असेल की बाईचं पाकीट मारलं. "वर्गात लक्ष देत नाही" हा माझा शेरा कुणीतरी मिलिसेकंदांत मोजून दाखवला होता.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे उरलेलं पण सांगते. भाकरी खाल्ली असती तर मला भोवळ आली नसती, असा माझा दावा नाही. बाजरीतल्या लोहापैकी शंभरातले दहा भागही अंगी लागत नाहीत, कारण दाण्यातलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. बेनिनमध्ये, टोगोच्या शेजारीच, तरुण स्त्रियांना बाजरीचा घट्ट शिजवलेला गोळा, आपल्या उकडीच्या जवळचा, खायला देऊन तपासलं. लोह वाढवलेल्या बाजरीतून साध्या बाजरीच्या दुप्पट लोह अंगी लागलं, पण वरून लोह मिसळलेल्या पिठाएवढं नाही. बेळगावला दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये निकाल चांगले आले. मुंबईच्या वस्त्यांतल्या त्याहून लहान मुलांना नऊ महिने देऊन पाहिलं, तर सगळ्या मुलांचा मिळून ठळक फरक दिसला नाही. बाजरी अन्न आहे. ज्याचं रक्त खूप खाली गेलंय त्याला औषधच लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'बाजरी खा, रोग पळवा' वगैरे संदेशांवर माझा विश्वास नाही, आणि तुम्हीही मला ते पाठवू नका.

हे मी अनुभवाने बोलते. दोन वर्षांपूर्वी अंबरनाथ स्टेशनचा जिना चढताना मला तीनदा थांबावं लागायचं. चाळिशी उलटली, वजन वाढलं, असं मी समजत होते. पाळीत रक्तस्राव खूप व्हायचा, तोही 'या वयात होतं' म्हणून सोडून दिला. शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. बारा असायला हवं. शिरेतून लोह द्यावं लागलं, गर्भाशयातल्या गाठींवर उपचार झाले. माझ्याबरोबर मुलीचंही रक्त तपासायला दिलं, ती नववीत होती. तिचं ९.४ निघालं. शाळेतून मिळणाऱ्या निळ्या गोळ्या ती दप्तरात साठवत होती, मळमळतं म्हणून. पिशवीत बावीस निघाल्या.

त्या निळ्या गोळ्या आठवड्यातून एकदा देतात, सरकारी आणि अनुदानित शाळांत, सहावीच्या पुढे. योजना चांगली आहे. पण गोळी दिली याची नोंद होते, पोटात गेली याची नाही. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. आज या सभागृहात आपण मुली, बरं, बायका, साठएक आहोत. हिशेब तुम्हीच करा.

तर आपल्या मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांची कमान बांधायची की ते कशाला वापरायचे, यावर समितीत दोन मतं आहेत. कमानीवर आपल्या तुकडीचं नाव येईल, तेही मला आवडेल. पण माझी सूचना अशी आहे की यंदा शाळेतल्या आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासावं, आणि ज्यांचं कमी निघेल त्यांचं तीन महिन्यांनी पुन्हा. मुलांचंही करावं असं मला वाटतं, पैसे पुरले तर. बदलापूरला लॅब असलेल्या आपल्या वर्गमित्राने फक्त साहित्याचा खर्च घेऊन हे करायचं कबूल केलंय. नोंदींची प्रणाली मी लिहीन. कुठल्या मुलीचा आकडा किती हे तिच्या आईवडिलांखेरीज आणि डॉक्टरांखेरीज कुणाला दिसणार नाही, त्याची जबाबदारी माझी. मुख्याध्यापकांनी तत्त्वतः होकार दिला आहे, पालकांच्या संमतीचे अर्ज छापून घ्यायचे आहेत.

माणसं लागतील. मुलींशेजारी बसून सुई टोचताना हात धरायला पाच-सहा जणी हव्यात, आणि गोळी का घ्यायची, मळमळलं तर रात्री जेवून झोपताना कशी घ्यायची, हे आईच्या सुरात सांगणाऱ्या दोघी. ज्या बाईंनी मला ग्लुकोजचं पाणी दिलं होतं त्यांनी काल फोनवर विचारलं, "मी आले तर चालेल का गं?" त्यांचं नाव मी पहिलं लिहिलंय.

वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. आजच्या जेवणात बाजरीची भाकरी आहे, पारनेरहून काकांनी पाठवलेल्या बाजरीची. कडक व्हायच्या आत खा, वर लिंबू पिळलेली कोशिंबीर घ्या. आणि चहा जेवणानंतर लगेच मिळणार नाही, तासाभराने मिळेल. चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणून चहावाल्याला मीच तसं सांगून ठेवलंय.