मूल शाळेत जाते. पण वाचते काय?
(वाशीम येथील पालकसभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाला सभेस बोलावले म्हणजे तो कायद्याची कलमे सांगणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती मी थोडक्यात पुरी करतो. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो त्यास नाकारण्यात आला. त्यानंतर जवळजवळ दीड शतकाने, २००२ च्या शह्यांशीव्या घटनादुरुस्तीने, घटनेत कलम २१-अ आले. आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकास मोफत शिक्षण मिळणे हा आता त्याचा मूलभूत हक्क आहे. शाळेचे दार उघडले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दार उघडणे निराळे, आणि आत बसलेल्या मुलापुढचे अक्षर बोलू लागणे निराळे.

'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी होते. तिची पद्धत सोपी आहे. मुलाच्या घरी जावयाचे, त्याच्यापुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा एक उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट ठेवावयाची, आणि 'वाच' म्हणावयाचे. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २०.९ होती, शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ती १६.३ वर आली. २०२४ साली २३.४ झाली. हे आकडे सबंध देशाचे आहेत. सुधारणा झाली, हे मान्य. तरी चारांतील तीन मुले अद्याप ती गोष्ट वाचू शकत नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी 'आकांक्षित जिल्हे' या गोंडस नावाने केली तीत वाशीमचे नाव आले. ज्या वत्सगुल्माच्या राजाच्या प्रधानाने, वराहदेवाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे दिले आणि त्यावर लेख कोरविला, तेच हे वाशीम! दगडावरचे अक्षर दीड हजार वर्षे टिकले. कागदावरचे मात्र आमच्या चौथीतल्या मुलास लागत नाही.

याचा परिणाम मी माझ्या व्यवसायात रोज पाहतो. सातबारा, दाखला, खरेदीखत, कोर्टाचा समन्स हाती घेऊन माणसे येतात आणि 'साहेब, यात काय लिहिले आहे?' असे विचारतात. १९९० साली बौद्धांस अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. पण त्या दाखल्यावर नाव, जात आणि धर्म बरोबर लिहिला आहे की नाही, हे ज्यास वाचता येत नाही, त्याचा हक्क कारकुनाच्या लेखणीच्या टोकावर लोंबकळत राहतो.

तेव्हा करावे काय? येथे मी माझ्याच व्यवसायाविरुद्ध साक्ष देणार आहे. २००५-०६ साली उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात एक प्रयोग झाला. काही गावांत सभा घेऊन पालकांस त्यांचे हक्क आणि शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याखेरीज मुलांची वाचनपरीक्षा कशी घ्यावी, हेही शिकविले. तिसऱ्या गटातील गावांत गावच्याच तरुणांस चार दिवसांचे शिक्षण देऊन वाचनवर्ग चालविण्यास सांगितले. पहिल्या दोन गटांत मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. तिसऱ्या गटात, जी मुले त्या वर्गांस बसली, त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. हक्काचे व्याख्यान ऐकून कोणाचे मूल वाचू लागले नाही. शेजारी बसून वाचून घेणारा माणूस मिळाला तेव्हा ते वाचू लागले. अर्थात तेथेही वर्गास येणारी मुले थोडीच होती, हे सांगितले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, असा माणूस आमच्या गावी आणावा कोठून? शिकलेली मुले तर पुण्यास आणि मुंबईस गेली. बरोबर आहे. परंतु ती गेली तरी त्यांचा आवाज तुमच्या घरी येतो. २००९ साली प्राध्यापक सुगाता मित्र यांनी इंग्लंडमधील आजीआजोबांस आवाहन केले, आणि त्यांनी इंटरनेटवरून भारतातील मुलांस गोष्टी वाचून दाखविण्यास आरंभ केला. शिकवावयाचे फारसे नाही. आजी जशी 'वा, पुढे काय झाले?' म्हणत कौतुकाने बसते, तसे बसावयाचे. त्या उपक्रमाला नावही आजीचेच पडले. पुढे मित्र यांच्या प्रयोगाचे एक केंद्र सातारा जिल्ह्यात फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत, झाले. माझा आक्षेप एवढाच की त्या आजीबाईंची भाषा इंग्रजी होती. पहिले वाचन मुलाच्या स्वतःच्या भाषेत झाले पाहिजे. आणि मराठी आजी, मराठी ताई, मराठी दादा यांचा आपल्याकडे दुष्काळ नाही.

नुसता निरोप पाठवून मात्र भागत नाही. २०२० साली आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात शाळा बंद असता एक तुलना झाली. काही घरांस केवळ संदेश पाठविले. काहींस संदेशाबरोबर आठवड्यातून एकदा साधारण वीस मिनिटांचा फोन केला. विषय गणिताचा होता. फोनने फायदा झाला; नुसत्या संदेशाने काही साधले नाही. त्याच वर्षी आपल्या राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने व्हॉट्सअॅपवर अभ्यास येत असे. तुमच्यापैकी कितीजणांच्या मुलांनी तो उघडला, हे तुम्हीच सांगा.

आता वाचून कसे घ्यावे? फलटणच्या ज्या संस्थेचा मी उल्लेख केला, ती स्थापन करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणच्या दलित वस्तीतील मुलांबरोबर काम करताना त्यांनी मराठी वाचन शिकविण्याची पद्धत बसविली. सबंध मुळाक्षरे घोकून झाल्यावर बाराखडी, आणि बाराखडीनंतर शब्द, अशी वाट न पाहता, थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घेऊन लगेच शब्द वाचावयाचे, हे तिचे सूत्र. क, म, ल आणि काना एवढेच घ्या. काका, मामा, काम, माल, लाल, कमल, कमाल असे सात शब्द तयार झाले! मुलास पहिल्याच दिवशी कळते की अक्षरांतून अर्थ निघतो. मग पुढचा गट घ्यावा. जोडाक्षरांची घाई करू नये.

दुसरी गोष्ट बोलीची. मूल 'मला' या जागी 'मले' वाचील. पुण्याच्या ताईने तेथे हसू नये आणि थांबवूही नये. त्याने अक्षर ओळखले, अर्थ धरला, आणि तो आपल्या घरच्या वऱ्हाडीत सांगितला. हे वाचन समजल्याचेच लक्षण आहे. 'असे नाही रे, शुद्ध बोल' या एका वाक्याने मूल कायमचे गप्प झालेले मी पाहिले आहे. छापील रूप त्यास हळूहळू येईलच.

पुस्तकांसाठी खर्च नको. 'प्रथम बुक्स'ने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी, पातळ्या लावलेल्या, विनामूल्य मिळतात. तीच गोष्ट दोन्हीकडे उघडावी आणि मुलास वाचू द्यावे. अडले तर तीन श्वास थांबावे, मग शब्द सांगावा आणि पुढे जावे.

काही बंधू म्हणतील, 'हे सरकारचे काम. आपण का अंगावर घ्यावे?' शंका रास्त आहे. सरकारची जबाबदारी तसूभरही सोडू नका. कायद्याच्या एकविसाव्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. तेथे जाऊन बसा, 'आमच्या वर्गातील किती मुले वाचतात?' हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारा आणि उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या. परंतु त्या उत्तराची वाट पाहत असता मुलाची तिसरी संपते, चौथी संपते. दावा चालू राहील. मूल थांबत नाही.

एक सावधगिरी वकील म्हणून सांगतो आणि ती सक्तीची समजा. फोन मुलाच्या एकट्याच्या हाती देऊ नका. आई, आजी किंवा थोरली बहीण जवळ असावी, बोलणे मोठ्याने व्हावे, मुलाचे छायाचित्र कोणास पाठवू नये, आणि वाचून घेणारा माणूस ओळखीचा, कोणाच्या तरी शब्दावर आलेला असावा. तो कितीही गोड बोलो, मुलाशी एकांत मागू लागला तर त्याच क्षणी फोन बंद करा. २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा अशाच प्रसंगांसाठी आहे.

वेळेचे काय? घरात फोन एकच असतो आणि तो दिवसभर बापाबरोबर शेतात किंवा कामावर असतो. म्हणून रात्रीचे साडेसात ते आठ बरे. सोयाबीनच्या काढणीत आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, पण ते मोडू नका. ज्या घरी फोन नाही, तेथील मूल शेजारच्या घरी बसवा. एका फोनपुढे दोन मुले आरामात वाचतात. आज घरी गेल्यावर तिसरीच्या पुस्तकाचे कोणतेही पान आपल्या मुलापुढे उघडा आणि बाहेरगावी असलेल्या भाचीस, पुतण्यास फोन लावा.