जुन्या सिनेमातल्या दिमाखदार गाड्या: ओळखायच्या कशा, आणि ओळखून झाल्यावर काय?

जुना सिनेमा लागला की घरात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, हिरो-हिरॉइनकडे बघणारी. दुसरी, मागे एखादी लांबलचक गाडी दिसली रे दिसली की "थांब, थांब, पॉझ कर!" म्हणून ओरडणारी. आजचा भाग या दुसऱ्या मंडळींसाठी. शेवटी त्यांना जरा टोचणारही आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि हो, दोन जुन्या गोष्टींचे शेवट फुटणार आहेत.

आधी कामाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची भारी गाडी असेल तर तिच्या एकूण आकारावर जाऊ नका, तोंड बघा. कारण काय, तर त्या काळात अशा बड्या कंपन्या बऱ्याचदा फक्त सांगाडा, इंजिन आणि रेडिएटर द्यायच्या. वरची बॉडी गिऱ्हाईक वेगळ्या कारागिराकडून, आपल्या हौसेप्रमाणे बांधून घ्यायचं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर बहिणी वाटणार नाहीत. पण रेडिएटर कंपनीचा, तो सहसा खोटं बोलत नाही.

रोल्स-रॉइसचं तोंड म्हणजे ग्रीक देवळाचा दर्शनी भाग, उभे खांब आणि वर माथा. बॉनेटच्या टोकाला १९११ पासून ती पुढे झुकलेली, वस्त्र पंखासारखं मागे उडणारी बाई. पॅकार्ड ओळखणं तर आपल्याला अवघड जाऊच नये. तिच्या रेडिएटरच्या वरच्या कडेचा आकार बैलांच्या जूसारखा आहे, आणि अमेरिकेतही त्याला त्याच नावाने ओळखतात! शिवाय चाकाच्या मधोमध लाल षटकोन दिसला की पॅकार्डच.

युद्धानंतरच्या अमेरिकन गाड्यांचं उलटं. त्यांची शेपटी बघायची. कॅडिलॅकला मागे पंख फुटले १९४८ च्या मॉडेलला. ते वाढत वाढत १९५९ ला सगळ्यात उंच झाले, आणि प्रत्येक पंखावर दोन टोकदार लाल दिवे आले. शेव्हरोले इम्पाला १९५८ ला आली तेव्हा मागे प्रत्येक बाजूला तीन-तीन दिवे होते. १९५९ ची मात्र वेगळी, तिचे दिवे मांजराच्या डोळ्यांसारखे. पुढच्या वर्षी पुन्हा तीन-तीन.

आता मुंबईपुरती एक गंमत. पन्नाशीच्या दशकातल्या हिंदी सिनेमात डॉज किंवा प्लायमाउथ दिसली तर ती बोटीतून उतरलेलीच असेल असं धरून चालू नका. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला या गाड्या जोडायला सुरुवात केली होती. म्हणजे पडद्यावरची 'फॉरेनची' गाडी कदाचित कुर्ल्याहूनच निघालेली!

हे सगळं कळलं की एक खेळ सुरू होतो, साल तपासायचा. उदाहरण घ्या 'द ग्रेट गॅट्सबी'चं, रॉबर्ट रेडफर्डचा १९७४ चा सिनेमा. गोष्ट घडते १९२२ च्या उन्हाळ्यात. गॅट्सबीची ती पिवळसर रोल्स-रॉइस आहे फँटम वन, १९२८ ची. हे मॉडेल बाजारात आलंच मुळी १९२५ ला. झालं! आपण खूश.

पण जरा थांबा, कारण त्या गोष्टीत गाडी ओळखण्यावरूनच माणूस मरतो. पिवळी गाडी मर्टल नावाच्या बाईला उडवून निघून जाते. तिचा नवरा गाडीचा मालक शोधत गॅट्सबीपर्यंत पोचतो आणि त्याला गोळी घालतो. गाडी त्याने बरोब्बर शोधली. पण त्या वेळी स्टिअरिंगवर गॅट्सबी नव्हता, डेझी होती. गाडी कळली, माणूस चुकला.

दुसरं उदाहरण माझ्या फार जवळचं. बिली वाइल्डरचा 'सनसेट बुलेव्हार्ड', १९५०. यातली गाडी म्हणजे इसोटा फ्रास्किनी टिपो ८ए, १९२९ ची. मिलानची कंपनी, एका ओळीत आठ सिलिंडरचं इंजिन, सात लिटरच्या वर. बॉडी कास्टान्या या मिलानच्याच कारागिरांची. व्हॅलेंटिनोकडेही इसोटा होती, म्हणजे मूकपटाच्या काळातल्या स्टारला शोभेल अशीच निवड.

सिनेमात ही गाडी नॉर्मा डेसमंडची. मूकपटांची राणी, आता सगळ्यांनी विसरलेली. गाडी गॅरेजमध्ये धूळ खात उभी, आत बिबट्याच्या कातड्याच्या गाद्या, ड्रायव्हरशी बोलायला सोनेरी फोन. एक दिवस पॅरामाउंट स्टुडिओतून फोन येऊ लागतात. नॉर्माला वाटतं, आपली आठवण झाली! ती नटूनथटून, गाडी झळाळून, स्टुडिओत जाते. जुने लोक भोवती जमतात. आणि मग कळतं की फोन तिच्यासाठी नव्हताच. एका सिनेमासाठी त्यांना तिची गाडी भाड्याने हवी होती. दिग्दर्शक डिमिल (ही भूमिका खुद्द सेसिल बी. डिमिल यांनीच केलीय) तिला हे सांगायचं धाडस करत नाहीत. ड्रायव्हर मॅक्सही लपवतो. तिच्या भोवतीचे सगळे मिळून ते खोटं सांभाळतात.

मॅक्स झालेल्या एरिक फॉन स्ट्रोहाइमना गाडी चालवता येत नव्हती म्हणतात, म्हणून शूटिंगला ती ओढत न्यायला लागली. आज ती गाडी इटलीत, तुरीनच्या मोटार संग्रहालयात आहे. जपलेली, चकचकीत.

आता टोचायचं ते टोचतो. आपण पॉझ करून "इसोटा, इसोटा!" म्हणतो तेव्हा आपण नेमके कोणाच्या जागी असतो? त्या फोन करणाऱ्या स्टुडिओवाल्याच्या. बाई समोर बसलीय, आणि आपली नजर मडगार्डवर.

म्हणून गाड्या ओळखणं सोडा असं मी म्हणणार नाही, मीही सोडणार नाही. फक्त एक सवय लावा. गाडीचं नाव आणि साल सापडलं की पुढचे दोन प्रश्न विचारा. ही गाडी याच माणसाला का दिली? आणि आत्ता ती चालवतंय कोण? बऱ्याचदा दिग्दर्शकाला जे सांगायचंय ते या दोन उत्तरांतच सापडतं.

तुम्ही कुठल्या सिनेमात कुठली गाडी पकडलीत ते जरूर कळवा, आणि सोबत ती कोणाची होती तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. तोवर, सीटबेल्ट लावा!