आकड्याला दिलेले नाव



एकाच जातीच्या अनेक संख्या एका नावाखाली क्रमाने मांडून ठेवण्याची संगणकाच्या भाषांत जी सोय असते, तिला अ‍ॅरे म्हणतात. आणि असा अ‍ॅरे एखाद्या प्रोसिजरच्या, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणाऱ्या उपकार्यक्रमाच्या, स्वाधीन करावयाचा झाला, की त्याची लांबी कोणी व कोठे नोंदवावयाची, हा प्रश्न उपस्थित होतो. झुरिकचे प्राध्यापक निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास सिद्ध केलेल्या पास्कल भाषेत त्याचे उत्तर फार कडक आहे. वर्गातील ६० विद्यार्थ्यांचे गुण साठवावयाचे असतील, तर आरंभीच ‘कमाल’ हे नाव ६० या संख्येस द्यावे, त्या नावाच्या आधारे एक ते कमाल अशा मापाचा ‘गुणपट’ हा प्रकार घोषित करावा, आणि प्रोसिजरच्या मथळ्यात केवळ गुणपट एवढेच लिहावे. मथळ्यातच मर्यादा मांडून मोकळे होण्याची मुभा तेथील व्याकरण देत नाही. पुढे पाच विद्यार्थी वाढले, तर एका ओळीतील आकडा बदलल्याने काम भागते. उघडे ६० जागोजाग लिहून ठेवणाऱ्यास मात्र प्रत्येक ठिकाणी थांबून, हे ६० विद्यार्थी की तासाची ६० मिनिटे, याची चौकशी करीत बसावे लागते!

परंतु या शिस्तीची किंमतही मोजावी लागते. पास्कलमध्ये लांबी हा प्रकाराचाच अंश असल्यामुळे ६० घटकांसाठी लिहिलेली प्रोसिजर ६५ घटकांचा अ‍ॅरे साफ नामंजूर करते, आणि दोन वर्गांचे गुण क्रमाने लावण्यासाठी तोच मजकूर दोनदा लिहावा लागतो. संगणकतज्ज्ञ ब्रायन कर्निगन यांनी १९८१ साली पास्कलवर जी टीका केली, तीत ही तक्रार अग्रभागी होती, आणि माझ्या मते ती रास्तच होती. पास्कलच्या १९८३ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने, निदान आपल्या वरच्या श्रेणीत, अ‍ॅरेबरोबर त्याच्या सीमाही प्रोसिजरपर्यंत पोहोचविण्याची तजवीज केली.

सी भाषेचा मामला अगदी उलट आहे. तेथे फंक्शनच्या, म्हणजे तेथील प्रोसिजरच्या, मथळ्यातील कंसात ‘कमाल’ लिहिण्यास कोणाची हरकत नाही. पण आत पोहोचतो तो पहिल्या घटकाचा केवळ पत्ता, आणि कंसातील त्या पहिल्या मापाची भाषेच्या नियमांत दखलच घेतली जात नाही. दहाच घटकांचा अ‍ॅरे पाठविला, तरी ६० वेळा फिरणारा फेरा खुशाल दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो. १९९९ च्या प्रमाणाने त्या कंसात ‘स्टॅटिक’ हा शब्द लिहून किमान लांबीची हमी घेण्याची सोय केली खरी, तथापि ती हमी पाळण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची. ती तपासण्याची सक्ती कंपायलरवर नाही. म्हणून सीमध्ये मथळ्यातील नाव वाचकाच्या माहितीपुरते असू द्यावे, घटकांची संख्या स्वतंत्र पॅरामीटर म्हणून पाठवावी व फेरा तिच्यावरच चालवावा. ‘कमाल’चा खरा अंमल अ‍ॅरे जेथे घोषित होतो तेथेच ठेवावा.