हिरव्या चहाचा गुण कसा टिकवावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी समुद्रपूर येथे केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. मोठे शास्त्र मला येत नाही. घरात जी चूक झाली आणि तिच्यातून जे शिकले, तेवढेच सांगते.

माझ्या मुलीने पहिल्या पगारातून वडिलांसाठी हिरवा चहा आणला. हा आपल्या अंगणातला गवती चहा नव्हे. मळ्यातल्या चहाचीच ही पाने. मी ती कौतुकाने काचेच्या बरणीत भरली आणि शेगडीवरच्या फळीवर मांडली. तिथे खिडकीतून ऊनही येई. उन्हाळा सरेपर्यंत पाने तांबूस पडली, वास गेला. दिवाळीला मुलगी आली. तिने बरणी पाहिली आणि काहीच बोलली नाही. ते न बोलणेच मला फार लागले.

मग तिच्याकडूनच समजून घेतले. काळा आणि हिरवा चहा एकाच झाडाचे. काळ्या चहाची पाने चुरगळून हवेवर काळी पडू देतात. हिरव्याची पाने खुडल्यावर लवकरच वाफेवर किंवा कढईत तापवतात, म्हणजे काळे पडणे थांबते. चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते, त्यातलाच हा प्रकार. या पानांत कॅटेचिन नावाची द्रव्ये असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, कारण प्राणवायूचा मारा ती स्वतःवर घेतात. पण तो मारा बरणीतच बसला, तर कपात काय उरणार? हवा, ऊन, ओल आणि उष्णता हे त्यांचे चार शत्रू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्यात माझी शेगडी!

आता मी थोडाच चहा आणते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, थंड कोपऱ्यात ठेवते आणि कोरड्या चमच्याने काढते.

करताना पाणी उकळून उतरवावे, चार-पाच मिनिटे निवू द्यावे, पाने घालून दोन-तीन मिनिटांनी गाळावे. खळखळ उकळू नये, थर्मासमध्ये भरून ठेवू नये. सोड्याने हे द्रव्य लवकर नासते, आंबटात टिकते. म्हणून गाळल्यावर लिंबू पिळावे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००७ साली कृत्रिम पचनाचा प्रयोग झाला. नुसत्या चहातले कॅटेचिन २० टक्क्यांहून कमी उरले. लिंबाच्या रसाने सुमारे ८० टक्के टिकले. हा प्रयोग काचपात्रातला, पण लिंबू तर आपल्या घरचेच!

आपल्या सेवाग्रामचे बापू चहाच्या बाजूचे नव्हते. तरी १९४२ साली आगाखान महालात बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यावरील पुस्तकात त्यांनी, घ्यायचाच तर गाळणीतल्या पानांवर उकळते पाणी ओतून, पेंढ्याच्या रंगाचा फिका चहा घ्यावा असे सांगितले आहे. पाने उकळत ठेवू नयेत, हे त्यांनाही पटलेले होते.

दोन गोष्टी विसरू नका. हा चहा म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांची गोळी बंद करू नये. आणि जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. आपल्यात रक्त कमी असलेल्या बाया पुष्कळ. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

परवा मुलगी आली, तेव्हा नव्या डब्यातला चहा तिलाच दिला. तिने वास घेतला आणि हसली. मला तेवढे पुरे झाले.