दुसरीतलं मूल आणि दहाची जुडी

दुसरीत मूल काय शिकतं, असं पालकांना विचारलं की विषयांची नावं ऐकायला मिळतात. अभ्यास कसा चाललाय हे बघायचं झालं, तर मुलाला पाढे म्हणून दाखवायला सांगितलं जातं. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे आणि घरात तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दहा सुट्या वस्तूंचं एक दशक होतं, ते एक म्हणून मोजता येतं आणि लागेल तेव्हा मोडून त्याचे पुन्हा दहा सुटे करता येतात, हे मुलाला उमगणं ही ती गोष्ट. जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाला ९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि ९९पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करता यावी, अशी अपेक्षा आहे. पहिलीत बोटांवर एकेक मोजून भागतं. इथे ते भागत नाही, आणि दशक समजलं नाही तर पुढचं सगळं गणित निव्वळ पाठांतरावर उभं राहतं.

एक उदाहरण बारकाईने पाहू. ४३ वजा १७. कितीतरी मुलं याचं उत्तर ३४ लिहितात. चारातून एक गेला, तीन उरले. सातातून तीन गेले, चार उरले. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा हा नियम मुलाने प्रामाणिकपणे पाळलेला असतो. वजाबाकी त्याला येत असते. फक्त ४३मधला चार म्हणजे चाळीस आहे आणि त्यातलं एक दशक मोडून सुट्यांत आणता येतं, हे त्याला दिसत नसतं. अशा वेळी आपण म्हणतो, ‘अरे, शेजाऱ्याकडून हातचा घे.’ मूल चारावर काट मारून तीन लिहितं, तिनाच्या डोक्यावर एक लिहितं आणि उत्तर बरोबर येतं. पण शेजाऱ्याकडून घेतला एक आणि इथे झाले दहा, हे कसं, ते कोडं तसंच राहतं. ‘असर’ पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना अशी दोन अंकी, हातच्याची वजाबाकी करता आली, म्हणजे तिघांत एकाला. मुलांना बुद्धी कमी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. दुसरीत जे हाताने करून पाहायचं, ते आपण पाटीवरच्या खुणांवर उरकतो.

मराठी मुलासमोर आणखी एक अडचण असते. आपण म्हणतो त्रेचाळीस. कानावर आधी तीन पडतो, मग चाळीस, आणि लिहायचा मात्र आधी चार. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं, ते ऐकलं त्या क्रमाने लिहितं. एकोणतीस तर त्याहून अवघड: ऐकू येतो तीस आणि दशकाच्या घरात लिहायचा असतो दोन. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात संख्या ऐकून लिहिताना झालेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या चुका याच उलटापालटीच्या होत्या. आपल्या शेजारच्या कानडी आणि तेलुगू भाषांमध्ये चाळीस आधी येतो, तीन नंतर. त्या मुलांना ही कसरत करावी लागत नाही. हे ध्यानात घेऊनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली. त्या वेळी मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. वाद मोठा झाला, विधिमंडळापर्यंत गेला. एकवीस, बावीस ही नावं पुसली जाणार, अशी लोकांना भीती वाटली. ती नावं काढून टाकलेली नव्हती. तरीही त्या भीतीमागची कळकळ मला खोटी वाटत नाही. बाजारात, बसमध्ये, आजीच्या तोंडी अडुसष्ट आणि त्र्याऐंशीच येणार आहेत, आणि मुलाला ती नावं यायलाच हवीत. म्हणून मी दोन्ही एकत्र वापरायला सांगेन. मूल संख्या लिहीत असेल तेव्हा ‘चाळीस आणि तीन, त्रेचाळीस’ असं सलग म्हणा. चाळीस ऐकून चार लिहिला जातो, तीन ऐकून तीन, आणि जुनं नाव त्याच संख्येला जाऊन चिकटतं. काही महिन्यांत पहिला भाग आपोआप गळून पडतो.

यावर काही पालक म्हणतील की इंग्रजी माध्यमात ‘फॉर्टी-थ्री’ म्हणतात, म्हणजे प्रश्नच मिटला. तो मिटत नाही. इंग्रजीतही थर्टीन ते नाइन्टीनपर्यंत एकक आधी येतं, आणि थर्टीन-थर्टी यांत मुलं हमखास घोटाळतात. शिवाय घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘अडतीस रुपये’ म्हटल्यावर ते किती, हे कळायलाच हवं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आमच्या आजोबांनी उजळणी घोकली, पावकी-दीडकी पाठ केली आणि त्यांचे तोंडी हिशेब चोख होते, असं म्हणतात. खरं आहे. पण पाव, अर्धा, दीड ही मापं त्यांच्या हातात रोज असत. शेर-पायलीने धान्य मोजलं जाई, आणे-पैशांत व्यवहार होत. पाठांतराला वापराची जोड होती. शिवाय ज्यांना ते जमलं नाही, त्यांतले अनेकजण शाळा सोडून गेले. त्यांची आठवण आपण काढत नाही. पाढ्यांना माझा विरोध नाही, ते पाठ असावेतच. पण आठाचा पाढा खाडखाड म्हणणाऱ्या मुलाला ६०मध्ये किती दहा, हे विचारून बघा. उत्तरासाठी ते अडखळलं, तर पाढा दोन महिने थांबू शकतो.

मग घरी करायचं काय? आगपेटीच्या काड्या किंवा खराट्याचे हिर घ्या, दहादहाच्या जुड्या रबराने बांधा. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या मांडून त्यातल्या सतरा द्यायला सांगा. सुट्या तीनच आहेत, सात हव्यात. मूल थांबेल. त्याला थांबू द्या, लगेच सांगू नका. रबर काढून जुडी सोडायची, हे त्याचं त्यालाच सुचलं तर उत्तम. आता सुट्या तेरा, त्यातून सात गेल्या की सहा. तीन जुड्यांतून एक गेली की दोन. सव्वीस. हे निरनिराळ्या आकड्यांनी आठवडाभर करा, वहीवरचा हातचा त्यानंतर. पैशांनीही हेच साधतं. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी मुलाच्या हाती देऊन दुकान-दुकान खेळा. दहाची मोड देताना त्याला दशक मोडणं जितकं स्पष्ट दिसतं, तितकं फळ्यावर दिसत नाही. यासाठी आईवडील शिकलेले असण्याची गरज नाही, रोजची दहा मिनिटं पुरतात. शाळेच्या दप्तराबाबतच्या २०२०च्या राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा असं सुचवलं आहे. तो मोकळा वेळ शिकवणीने भरून टाकू नका.

वाचनाकडेही याच अंगाने बघायला हवं. ‘मीनाकडे १२ बोरं आहेत. तिच्याकडे सलीमपेक्षा ५ जास्त आहेत. सलीमकडे किती?’ ‘जास्त’ हा शब्द दिसताच मुलं बेरीज करून १७ सांगतात. गणित चुकलेलं नसतं, वाक्य नीट वाचलेलं नसतं. अशा वेळी ‘बेरीज की वजाबाकी?’ असं विचारू नका. ‘कुणाकडे जास्त बोरं आहेत?’ एवढंच विचारा आणि गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा.

शेवटी, काळजी कधी करायची, याविषयी. सात वर्षांच्या मुलाने एखादा अंक आरशातल्यासारखा उलटा काढला, तर घाबरण्याचं कारण नाही. पण दुसरी संपत आली तरी ८ आणि ५ मिळवताना मूल दरवेळी एकपासून सगळं मोजत असेल, किंवा वीस वस्तूंतल्या दहा वेगळ्या काढताना गोंधळत असेल, तर तिसरीची वाट न बघता वर्गशिक्षकांना भेटा. भेटताना मुलाची वही बरोबर न्या. गुण किती मिळाले, यापेक्षा एखादं चुकलेलं उदाहरण दाखवून ‘यानं असं का केलं असेल?’ असं त्यांना विचारा.