दुर्बीण बागेत आणा



शहरातून आकाश दिसत नाही, ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच. दिव्यांच्या झगमगाटात आकाशगंगेचा पट्टा हरवतो, अंधुक तेजोमेघ हरवतात. चंद्र, गुरू आणि शनी मात्र भर वस्तीतल्या बागेतूनही दुर्बिणीत स्वच्छ दिसतात. म्हणून माझा आग्रह आहे, की माणसं जिथे रोज संध्याकाळी येतात तिथेच दुर्बीण नेऊन ठेवावी.

जॉन डॉबसन यांनी हेच काम आयुष्यभर केलं. १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रामकृष्ण संघाच्या मठात दाखल झाले. मठात असतानाच ते दुर्बिणी घडवू लागले. जहाजाच्या खिडकीची जाड काच हातानं घासून आरसा करायचा, पुठ्ठ्याची नळी घ्यायची आणि ती प्लायवुडच्या बैठकीवर बसवायची. १९६७मध्ये त्यांनी मठ सोडला. पुढच्याच वर्षी त्यांच्या मंडळींनी फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवायला सुरुवात केली. त्या साध्या, स्वस्त रचनेला आज जगभर ‘डॉबसोनियन’ म्हणतात.

अशा कार्यक्रमासाठी पौर्णिमा निवडू नका. पूर्ण चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या जवळजवळ नसतात आणि सगळं सपाट दिसतं. शुक्ल अष्टमी उत्तम. त्या दिवशी सूर्य मावळताना चंद्र आकाशात उंच असतो. त्याच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या आणि विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. गुरू आकाशात असेल, तर गॅलिलिओनं जानेवारी १६१०मध्ये पाहिलेले त्याचे चार चंद्र ओळीत दिसतात. त्या क्षणी डोळ्यांत शिरणारा प्रकाश गुरूवरून निघून अर्ध्या तासाहून जास्त वेळ झालेला असतो.

रांगेतलं एखादं मूल म्हणतं, “काका, शनी पळाला!” शनी तिथेच असतो. आपली पृथ्वी फिरते, म्हणून तो दुर्बिणीच्या वर्तुळातून सरकत बाहेर जातो. पृथ्वी फिरते हे पुस्तकात पाठ केलेलं वाक्य त्या मुलाला तिथे डोळ्यांनी दिसतं. त्याच्यामागे उभ्या असलेल्या आजींनाही ते तितक्याच नवलानं दिसतं. या रांगेत वयाची, शिक्षणाची, पैशाची अट नसते.

महाराष्ट्राला हौशी आकाशनिरीक्षणाची जुनी परंपरा आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. दुर्बिणी आहेत, दाखवणारे जाणकार आहेत. हवी आहे ती जागा आणि थोडा काळोख. कार्तिक ते फाल्गुन आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असतं. या महिन्यांतल्या शुक्ल अष्टमीला प्रत्येक महापालिकेनं निदान एक बाग रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी आणि तिच्या एका कोपऱ्यातले दिवे दोन तास मालवावेत. तुमच्या नगरसेवकांकडे ही मागणी करा, आणि तुमच्या भागातल्या खगोल मंडळाला बागेत येण्याचं आमंत्रण द्या.