फळ न कापता पक्वतेची पारख



बारामती-इंदापूर भाग डाळिंब-पेरूचा. आपल्या समाजात फळांचा व्यापार करणारी बागवान मंडळीही आहेत. जाणता बागवान डाळिंबाला टिचकी मारून आवाज ऐकतो, पेरू अंगठ्याने दाबून पाहतो. ही विद्या मोठी खरी. पण दाबलेला पेरू तिथेच डागाळतो. गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला रसाचा थेंब लागतो, म्हणजे फळ कापणे आलेच. पेरू तोडल्यावरही पिकतो, डाळिंब मात्र तोडल्यावर गोड होत नाही. तेथे घाई झाली की चूक सुधारत नाही.

मग फळ न कापता आतले कळावे कसे? येथे वीज मदतीला येते. फळ असंख्य पेशींचे बनलेले असते. कच्च्या फळात पेशींची पटले शाबूत असतात. दारे बंद असली की माणूस बोळातून जातो, तसा कमी वारंवारतेचा प्रवाह पेशींना वळसा घालून जातो. जास्त वारंवारतेचा प्रवाह पटलांतूनही पार होतो. फळ पिकू लागले की पटले झिरपतात, आतले क्षार बाहेर येतात आणि वळशाची वाट सोपी होते. त्यामुळे दोन्ही वेळच्या रोधांतील तफावत घटते. ही तफावत म्हणजेच पक्वतेची खूण.

ईसीजी काढताना कातडी टोचत नाहीत. पट्ट्या नुसत्या चिकटवतात. फळालाही तसेच करता येते. बॅटरीवर चालणारा एलसीआर मीटर पुरतो. घरातील २३० व्होल्टची वीज मात्र कधीही जोडू नये.

विद्यार्थ्यांनो, सुरुवात पेरूपासून करा. डाळिंबाची साल जाड, आत पोकळ्या; तेथे काम अवघड. एकाच झाडाचे, सारख्या आकाराचे वीस पेरू घ्या. रोज त्याच वेळी, सावलीत, पट्ट्यांत तेवढेच अंतर ठेवून १ किलोहर्ट्झ व १०० किलोहर्ट्झवर रोध मोजा. उष्णतेने आकडा बदलतो, म्हणून तापमानही लिहा. रोज दोन पेरू कापून चव आणि गोडी नोंदवा. मीटर साखर मोजत नाही. कापलेल्या फळांशी ताळा जमला, तरच न कापलेल्या फळाबद्दल बोलता येते.

वहीत आणखी एक रकाना आखा: वडिलांचा अंदाज. मीटर लावण्याआधी तो विचारून घ्या.

पालकहो, मुलगा शिकला की धंद्याला पारखा होतो, अशी भीती आपल्याला वाटते. मुलगा असो वा मुलगी, आपल्याच दुकानातले फळ तिने प्रयोगशाळेत नेले, तर शिक्षण आणि धंदा एकाच वहीत येतील. आणि एखाद्या दिवशी अंगठा बरोबर ठरला व मीटर चुकला, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. शास्त्राची सुरुवात तिथूनच होते.